फोनबद्दल

दोहाहून गोकुळदासने फोन पाठवला,
बदामाची पाकिटं, साबण आणि बहिणीसाठीचं अत्तर
यांच्या मधोमध, एका मोज्यात गुंडाळून.
खोका नव्हता. वजन होतं म्हणून काढला म्हणे.
वर एक बोलका निरोप:
"भावोजी, आत सगळ्यात वरचा प्रोसेसर. हाका तोड ना."

मी फेरीबोटीच्या पोटातला माणूस.
दिवाडीहून सुटायचं, जुन्या गोव्याला टेकायचं, परत फिरायचं.
सव्वीस वर्षांत मांडवी पाहिली ती
ताटलीएवढ्या एका भोकातून.
वर स्कूटरी, पोदेराची सायकल, बांगड्यांची पाटी,
आणि नवरीसकट एकदा अख्खं वऱ्हाड.
कुणी वाकून विचारलं नाही
खाली कुठलं इंजिन आहे.

म्हणून मला कळायला हवं होतं.
प्रचिती म्हणाली, "चालतोय ना बाबा? मग झालं."
चालतोय, हे काय उत्तर झालं?
बंद पडल्यावर तर कुणीही उघडून बघतो.

सेटिंग्ज. अगदी तळाशी, फोनबद्दल.
मेमरी होती, आवृत्ती होती, लांबलचक अनुक्रमांक होता.
प्रोसेसरपुढे फक्त: ऑक्टा-कोर.
म्हणजे एखाद्याला विचारावं, गाव कुठलं तुझं,
आणि त्याने सांगावं, आम्ही आठ भावंडं.

एवेरिस्तच्या दुकानात
एका बाजूला नवसाचे मेणाचे हात, पाय, डोकी,
दुसऱ्या बाजूला मोबाईलची कवरं.
त्याने एक ॲप उतरवलं, फोन माझ्याकडे फिरवला.
आठ ओळी. आकडे उड्या मारत होते,
वर, खाली, पुन्हा वर,
आणि चार ओळी गप्प.
"ते झोपलेत," तो म्हणाला. "काम आलं की उठतील."
"आमच्या खात्यासारखंच," मी म्हटलं, तो खूप हसला.
तापमान अडतीस. पाठीला अंगठा लावून पाहिला,
सकाळी इंजिनाला लावतो तसा.
खरंच तेवढंच होतं.

मग त्याने वरचं नाव वाचलं, नंबर कुठेतरी ताडून पाहिला
आणि एक मेणाचा पाय उगाच सरळ करून ठेवला.
"कुणी दिला?"
"मेव्हण्याने. सुपरवायझर आहे तिकडे."
"चांगला आहे," तो म्हणाला. मग थांबून,
"सहा वर्षांपूर्वीचा. तेव्हाही मधलाच.
मागचं झाकण तेवढं नवीन."
पैसे घेतले नाहीत त्याने.

दुपारी धक्क्यावर बोट रिकामी उभी होती.
इंजिन बंद करून गोकुळदासचा निरोप पुन्हा लावला.
सगळ्यात वरचा, म्हणतो.
त्याच्या शब्दांमागे घरघर होती.
ती मला ओळखता येते, माझा धंदाच तो:
जुनं एसी, एक बेअरिंग गेलेलं,
कुणी दुरुस्त करायला येत नाही असं.
आणि त्याही मागे
कुणीतरी झोपेत कूस बदलली, लोखंडी खाट करकरली.
मग दुसरी, जरा लांबून.
व्हिडिओवर तो नेहमी एकाच भिंतीपुढे का बसतो
ते मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

खाटा मोजायला तीनदा ऐकलं.
पाचाच्या पुढे घरघरीत काही कळेना.

रात्री सुलक्षाने आंबटाची वाटी पुढे सारत विचारलं,
"निघालं काय आत?"
"वरचा," मी म्हटलं. "एकदम वरचा."
ती अत्तर लावून बसली होती, घरात.

मग त्याला लिहायला घेतलं:
फोन पावला. तोड नाही. गरमसुद्धा होत नाही.
पुढे लिहिलं, हळू बोलत जा, रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात.
ते पुसलं.
तुझं जेवण कसं असतं, लिहिलं,
तेही पुसलं, पुन्हा लिहिलं,
आणि पाठवून दिलं.